आठवीला संस्कृत, हिंदी की संयुक्त? (आणि ७५ टक्क्यांची ती अट)

मानेवाड्याचा बाप
लेक सातवी पास झाली. निकालासोबत शाळेनं चिठ्ठी दिली: आठवीपासून पूर्ण संस्कृत, पूर्ण हिंदी की संयुक्त (दोन्ही पन्नास-पन्नास), खूण करून शनिवारपर्यंत आणा. खाली बारीक अक्षरात, संस्कृत फक्त ७५ टक्क्यांच्या वरच्यांना. लेकीला ७९ आहेत, म्हणजे आमची अडचण नाही. तरी विचारतो, ही अट कशाला?

निकाल घ्यायला गेलो तेव्हा वर्ग बघून आलो. आठवी अ सगळी संस्कृतवाली, क सगळी हिंदीवाली. वेळापत्रक सोपं जावं म्हणून तुकड्याच तशा पाडल्यात. मग गणिताचे चांगले सर अ ला, विज्ञान प्रदर्शनाची मुलं अ मधली, आणि क च्या खोलीतला एक पंखा मार्चपासून बंद. नागपूरच्या उन्हात! भाषा निवडा म्हणतात, पण चाललीय ती मुलांची चाळणी. तेराव्या वर्षी.

गणितवाला
भावना समजली, आता हिशेब बघा. दहावीला सहा विषय, त्यातले उत्तम पाच धरतात, ५०० पैकी. समजा मराठी ८४, इंग्रजी ८०, गणित ८८, विज्ञान ८६, समाजशास्त्र ९२. हिंदीत ८२ पडले तर इंग्रजी सुटून ४३२, म्हणजे ८६.४ टक्के. त्याच जागी संस्कृतचे ९७ टाका: ४४७, ८९.४. सरळ तीन टक्के. अकरावीच्या ऑनलाइन यादीत तीन टक्क्यांत कॉलेज बदलतं. लेकीला पात्रता आहे ना, मग खूण करा आणि मोकळे व्हा. पंख्यासाठी अर्ज वेगळा द्या.

बर्डीचा पोट्टा
गणितवाले भाऊ बरोबर. अन् हिंदी काहून शिकाची? ऑटोवाल्याशी हिंदी, भाजीवालीशी हिंदी, घरी भांडण झालं तरी अर्धं हिंदीत. जे फुकटात येते त्याच्यासाठी शंभर मार्काचा पेपर? मी संस्कृत घेतलं, ९६ पडले. आज 'देवः देवौ देवाः'च्या पुढे काही आठवत नाही, पण मार्कलिस्ट लॅमिनेट करून ठेवली आहे.

हिंदीच्या मॅडम
पोट्टेभाऊ, 'मेरे को' आणि 'अपन को' म्हणजे हिंदी नव्हे. माझ्या वर्गात एकानं निबंधात लिहिलं, 'गांधीजी ने सबको शिक्षा दी' आणि पुढे 'इसलिए सब डर गए'. मराठीतली शिक्षा त्याच्या डोक्यात! आवाज आपल्याकडे पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून 'मेरा आवाज' हमखास. येते असं वाटणारी भाषाच शिकवायला सगळ्यात जड. आणि ९७ कसे पडतात तेही सांगा. संस्कृतच्या पेपरात 'माध्यमभाषया उत्तरं लिखत' असतं, म्हणजे ते उत्तर मराठीत. बाकीची बरीच रूपं घोकलेली. आमच्याकडे निबंध स्वतः लिहावा लागतो.

माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. हिंदीची मुलं कमी झाली की संचमान्यतेत (मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवतात ती) मी अतिरिक्त ठरते.

जुनी क तुकडी
मॅडम, घोकंपट्टी असो नाहीतर नसो, ती करायची संधी कोणाला हा मुद्दा आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतः शिकले. ज्या शहरात १९५६ ची दीक्षाभूमी आहे तिथल्या शाळेनं संस्कृतच्या दारावर अट लावावी आणि आपण टक्केवारीचे हिशेब मांडावेत? मला ७१ होते. वडील हमाल, घरी शिकवणारं कोणी नाही. आता ही जातीची अट नाही, मार्कांची आहे, कबूल. पण सातवीत ७५ कोणाच्या घरी पडतात ते वर्गात एकदा मोजून बघा.

रामटेककर
संस्कृत शिकवतो म्हणून दोन शब्द. अट चूक आहे, पण पूर्ण निर्बुद्ध नाही. आमच्याकडे ती नव्हती, तेव्हा साठ मुलांत वीस जणांना मराठीतल्या विभक्तीही सांगता येत नव्हत्या. त्या बसवण्यात दिवाळी आली. पण बसल्या. वेळ गेला, मूल गेलं नाही.

खरा राग 'स्कोरिंग' या शब्दावर. इथे रामटेकला १९९७ पासून कालिदासाच्या नावाचं विद्यापीठ आहे, त्याच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच असं मानतात. आणि आपली ९७ वाली मुलं सहलीला गडावर येऊन माकडांना चणे टाकून परत जातात.

गणितवाला
सर, मार्कांसाठी का होईना, मुलं येतात. मार्क काढून घ्या, मग वर्गात किती उरतात सांगा.

रामटेककर
दहा. ते दहा द्या मला, चालतील.

हिंदीच्या मॅडम
आणि उरलेले पन्नास मला. माझी नोकरी वाचली!

मानेवाड्याचा बाप
सगळ्यांचं वाचलं. लेकीशी बोलून संयुक्तवर खूण केली होती, दोन्हीतलं थोडं थोडं येईल म्हणून. आत्ता शाळेतून फोन आला. संयुक्तला सहाच मुलं झालीत, वर्ग निघणार नाही, अ की क तेवढं सांगा.

भाषेचं नाव घेतलंच नाही.