काल्व : हेस्सेच्या आधीचे आजोबा

जर्मनीतल्या नागोल्ड नदीकाठच्या काल्व गावाचं नाव निघालं की चर्चा येते ती लेखक हर्मन हेस्सेवर. ते खरंच, 1877 साली तो तिथेच जन्मला. पण मला त्या गावात जास्त कुतूहल वाटतं ते त्याच्या आजोबांचं, आईच्या वडिलांचं. हर्मन गुंडर्ट.

हे बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचे पाद्री, केरळात तलश्शेरीला राहिले. 1847 साली त्यांनी मल्याळममधलं पहिलं मानलं जाणारं नियतकालिक काढलं. तब्येत ढासळल्यामुळे 1859 साली जर्मनीला परतले आणि काल्वला स्थायिक झाले. त्यांचा मल्याळम-इंग्रजी शब्दकोश मंगळूरला छापून निघाला तो 1872 साली, म्हणजे परतल्यावरही तेरा वर्षं काम चालूच! धर्मप्रचाराबद्दल कुणाचं मत काहीही असो, ही चिकाटी मानावीच लागते. हेस्सेची आई मारी हिचा जन्मही तलश्शेरीचाच, त्यामुळे भारत त्या घरात आधीपासूनच होता. नातू मात्र 1911 साली पूर्वेकडे निघाला तो भारतात न येताच सिलोन, सिंगापूर, सुमात्रा करून परतला.

बाकी, शाळा सुटल्यावर हेस्सेने काल्वमध्येच मनोऱ्यांवरची घड्याळं बनवणाऱ्या कारखान्यात वर्षभर उमेदवारी केली होती. नोबेल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1946 ला. गावातल्या जुन्या निकोलाउस पुलावर आता त्याचा पुतळा आहे. गुंडर्टचा पुतळा बघायचा तर तलश्शेरी गाठावी.