बर्गर वाईट, मग शेवभाजीचं काय?

रावेरकर: उपाशीपोटीची साखर ११२ आली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात, बाहेरचं बंद करा. पोरगा जळगावला शिकतो. महिन्यातून दोनदा मी त्याच्याकडे जातो, तेव्हा आम्ही बापलेक बर्गर खातो. तेवढाच वेळ तो माझ्याशी धड बोलतो. घरची म्हणते, हे पण बंद. आणि परवा लग्नात तिनेच मला चार बट्ट्या खायला लावल्या, तळलेल्या, वर तुपाची धार! माझं मत, महिन्यातून दोनदा फास्ट फूड चालतं. बोला.

कळणा-भाकर: नाही चालत. पाव मैद्याचा, चोथा नावाला. आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि सालासकट उडीद असतो, साखर हळू चढते. आणि दादा, नुसता बर्गर कोणी खातं का? कोल्ड्रिंक घेता की नाही ते लिहिलं नाही तुम्ही. ३०० मिली कोल्यात ३० ग्रॅमच्या वर साखर असते.

धुळेकर: काय भो, भाकरीचं कौतुक पुरे. सहा नंबरच्या हायवेवर (आता त्याला ५३ म्हणतात, आम्ही अजून सहाच म्हणतो) ढाब्यावर शेवभाजी खाल्लीय ना? शेव आधीच तळलेली, मग खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाच्या ताटाचा जो हिशोब दिला, त्यात तेल-तूप २७ ग्रॅम आहे. मोठे दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ मिळून! ती तर्री एका जेवणातच कोटा संपवते. तिला कोणी फास्ट फूड म्हणत नाही, कारण ती आपली आहे. मी रावेरकरांच्या बाजूने.

कळणा-भाकर: शेवभाजी मी तरी रोज खात नाही.

धुळेकर: ते पण बर्गर रोज खात नाहीत.

माजी गाडीवाला: नंदुरबारला दोन वर्षं भज्यांची गाडी लावली होती, म्हणून बोलतो. तुम्ही पदार्थावर भांडताय, तेलाबद्दल एकच जण बोलला, तोही किती यावर; कसलं यावर नाही. सकाळचं तेल संध्याकाळपर्यंत काळं पडायचं. फेकायचं जिवावर यायचं, मग त्यातच नवं ओतायचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तळून तळून तेलातले ध्रुवीय घटक (तेल खराब होत जाईल तसे वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. पण ते मोजायचं यंत्र कोणत्या गाडीवर पाहिलंय? ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक चरबीची, मर्यादाही २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलीय. ती विकत घेतलेल्या तेलाला लागू. कढईत मी त्याचं काय करतो हे बघायला कोण येणार? मी स्वतः बाहेरची भजी खात नाही. घरी ताज्या तेलात चार खातो.

कळणा-भाकर: म्हणजे बाहेरचं नकोच, हेच मी म्हणतोय.

माजी गाडीवाला: नाही. गर्दीची गाडी, तेल स्वच्छ दिसतंय, तिथे कधीतरी खा. साखरेचं माझ्या हातात नव्हतं, ते यांचं यांनी बघावं.

कळणा-भाकर: मिठाचं कोणीच बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. फ्राईजवर भुरभुरतात, सॉसमध्ये असतं, चीजमध्ये असतं...

धुळेकर: पापडात, लोणच्यात, ठेच्यात पण असतं.

कळणा-भाकर: ठेच्याला मधे आणू नका.

रावेरकर: बरं, कबूल. कोल्ड्रिंक घेतो, मोठा ग्लास. बर्गरबरोबर स्वस्तात पडतो म्हणून. तो पुढच्या वेळेपासून बंद, पाणी पिईन. बर्गर मात्र सोडणार नाही.

कळणा-भाकर: आणि फ्राईज?

रावेरकर: त्या पोरगा खातो. मी दोन-चार उचलतो.

कळणा-भाकर: पुढच्या खेपेला मोजून सांगा, दोन की चार.