सात दिवसांचा पास, त्रेचाळीस पानं. यातलं ठेवू काय?

जाईजुई_सांगली

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी २०२३मध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा सात दिवसांचा पास काढून कोकणात फिरून आलो. (पुढच्याच महिन्यात बायकांना अर्धं तिकीट झालं. विषय निघाला की आमचे हे अजून हसतात.) सांगलीहून कराड, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग दापोली. दाभोळला फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपावे, गुहागर, हेदवी. तवसाळहून परत फेरीबोट, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि आंबा घाटाने घरी.

शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं आवक-जावक बारनिशी लिहिली, त्यामुळे रोज रात्री वहीत नोंद केल्याशिवाय झोप येत नाही. त्रेचाळीस पानं झाली. इथे टाकावीत म्हणून टाइप करायला बसले आणि माझं मलाच वाचवेना. नमुना बघा : "५.४०ला उठलो. चहा. ६.३५ची गाडी ६.५०ला लागली. खिडकी मिळाली." पहिली नऊ पानं हेच. बारनिशीच ती! भावकीच्या ग्रुपवर चार पानं टाकली तर अकरा अंगठे आले आणि पुतण्याने विचारलं, "काकू, एकूण किती पडले?"

दुसरी अडचण मोठी आहे. हेदवीला बामणघळीपाशी रमलो आणि शेवटची गाडी चुकली. चालत निघालो, तर पुढच्या एका वाडीत (नाव मुद्दाम लिहीत नाही) अंगणात उभ्या असलेल्या एका काकूंनी हाक मारली. "दोघी बायका, काळोखाच्या कुठे निघालात?" म्हणून घरात घेतलं. कुळथाचं पिठलं, भात, पोह्याचा पापड. मग पडवीत बसून त्यांनी मुलाचं सांगितलं. मुंबईला असतो, चार वर्षं घरी आलेला नाही, का आला नाही तेही सांगितलं. बारा वाजले. सकाळी निघताना पैसे घेतले नाहीत, उलट पिशवीत दोन नारळ घातले.

त्रेचाळीस पानांत जिवंत अशी ती चारच पानं आहेत. पण ती गोष्ट त्यांची, माझी नव्हे. लिहू का?

घाटवाट

जाईजुईताई, पहिल्या नऊ पानांवर खुशाल कात्री चालवा. मात्र गाड्यांच्या वेळा फेकून देऊ नका, सगळ्या शेवटी एकत्र द्या आणि वर ठळक लिहा, 'फेब्रुवारी २०२३'. महिना-साल न लिहिलेल्या वेळापत्रकावर विसंबून मी एकदा धक्क्यावर तीन तास वाळलोय.

काकूंबद्दल माझा अनुभव सांगतो, फारसा भूषणावह नाही. एका गडाच्या पायथ्याला एका मावशींनी भाकरी-पिठलं खाऊ घातलं. मी उत्साहात वाडीचं नाव, घराची खूण, फोन नंबर, सगळं लिहिलं. वर शेरा मारला, 'पैसे मागत नाहीत'. पावसाळ्यात एका रविवारी बाइकवरून चाळीस पोरं दारात. रात्री दोन वाजता फोन, 'मावशी, उद्या वीस ताटं'. शेवटी त्यांनीच मला फोन केला, "दादा, माझ्या घराचं हाटेल केलंस व्हय?" नंबर काढला मी. पण माझं नाव उडवून, नंबर तसाच ठेवून तो मजकूर कुणीतरी पुढे ढकललाय. दर पावसाळ्यात तो मला परत येतो.

तुम्ही वाडीचं नाव गाळलंत ते बरं केलंत. मुलाचं म्हणाल तर त्यांनाच विचारा. नंबर आहे ना?

परदेशीपाखरू

मस्कतहून वाचतोय, अकरा वर्षं झाली. आजोळ गुहागर तालुक्यात. काकू, फोटोंच्या भानगडीत पडू नका. बामणघळीचे फोटो मी पन्नास तरी पाहिलेत, सगळ्यांत तीच काळ्या खडकातली चीर आणि तेच उसळलेलं पाणी. भरतीची लाट आत घुसून वर आली तेव्हा तुमच्या जाऊबाई काय म्हणाल्या, ते लिहा. फेरीबोटीवर शेजारी कोण उभं होतं? टोपलीत काय होतं? आम्हाला इथे बसून ते हवं असतं.

आणि पुतण्याला खर्चाचा आकडा द्या हो. तोही वाचकच आहे.

जाईजुई_सांगली

@परदेशीपाखरू, जाऊ म्हणाली, "अगंबाई, कुकरची शिट्टी!" वहीत हे नाहीच. वहीत आहे : "४.१५, बामणघळ पाहिली. छान."

दाभोळच्या बोटीवर शेजारी एक बाई होती, मांडीवर सुकटाची पिशवी आणि त्यावर निजलेलं नातवंड. तेही वहीत नाही, आत्ता आठवलं.

जुनी_पोथी

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून. वरसईचे गोडसे भटजी कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार अशी वार्ता होती. पुढे ते झाशीच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले आणि घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. या प्रवासाचं 'माझा प्रवास' हे पुस्तक लिहिलं पंचवीसएक वर्षांनी, छापून आलं १९०७ साली. आज आपण ते झाशीसाठी वाचतो खरं, पण कुठे किती दक्षिणा मिळाली, काय खाल्लं, हेही त्या माणसाने सोडलेलं नाही. तेव्हा ताई, तुमची बारनिशी अगदीच टाकाऊ समजू नका. घाटवाट म्हणतात तेवढी कात्री मी चालवणार नाही. '६.३५ची ६.५०ला लागली' हे वाक्य मला आवडलं. फक्त ती पंधरा मिनिटं स्टँडवर तुम्ही काय केलंत, ते हवं.

जाईजुई_सांगली

त्या पंधरा मिनिटांत जाऊ रडत होती. लग्नानंतर पंचवीस वर्षांत नवऱ्याशिवाय पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. तिला विचारलं, लिहू का? म्हणाली लिही, पण रडले म्हणू नकोस, डोळ्यात धूळ गेली म्हण. तसंच लिहिणार आहे.

दिवसांची क्रमवारी मोडली. आता सुरुवात अशी : "तवसाळची शेवटची गाडी आमच्या डोळ्यांदेखत वळण घेऊन गेली आणि जाऊ म्हणाली, आता पासाचं काय करायचं?" नऊ पानांची दीड झाली. खर्चाचा तक्ता तळाला.

काकूंना काल फोन लावला आणि चारही पानं वाचून दाखवली. मध्ये एकदा इतका वेळ गप्प होत्या की मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाल्या, "पोराचं राहू दे, 'मुंबईला असतो' एवढंच लिही." तेवढं काढलं. फोन ठेवणार तेवढ्यात परत आवाज आला, "आणि गो, ते पिठलं नव्हे, पिठी. आमसूल घातलेलं त्यात, ते लिहिलंच नाहीस."