ऐंशीच्या वर गाडी आचके देते. कार्ब्युरेटर तीनदा खोलून झाला

चौथा_गिअर

गाडी 1986 ची. चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा), ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचे पॉइंट-कंडेन्सर, पेट्रोलचा पंप इंजिनवरच, कॅमने चालणारा. ताशी साठपर्यंत काही म्हणजे काही तक्रार नाही. ऐंशीच्या वर ठेवली की चार-पाच मिनिटांत दम कोंडल्यासारखं करते. आधी ओढ जाते, मग आचके. पाय उचलून पन्नासवर आणली की दहा-पंधरा सेकंदांत शहाण्यासारखी चालते. परत ऐंशी, परत तेच.

उभ्या गाडीत कितीही रेस करा, एक ठोका चुकत नाही. त्यामुळे मेकॅनिकला दाखवायला नेली की मीच खोटा पडतो. बायको तर म्हणते, तुम्हालाच ऐंशीची भीती वाटते.

आतापर्यंत प्लग नवे टाकले, पॉइंटची गॅप 0.4 मिमीला लावली, पेट्रोल फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर तीनदा खोलून धुतला. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) उजेडात धरला तर आरपार स्वच्छ. पंपाकडून टाकीकडे हवा मारली, टाकीत मस्त बुडबुडे वाजले, म्हणजे लाइनही मोकळी. आता कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) बदलायच्या बेतात आहे. बदलू का?

रेस_दे_भाऊ

एक नंबर मोठा मेन जेट टाका, विषय संपला. माझ्या गाडीला तसंच केलं होतं.

बारातेराचा_पाना

जेट लहान असता तर गाडी पहिल्याच मिनिटाला कुरकुरली असती. ती चार-पाच मिनिटं नीट पळून मग मरते. गाडी कंपनीतून आली तेव्हा याच जेटवर पळत होती ना? जेट काही वयाने आकसत नाही.

कॉइललाही थांबा. आधी करंट की पेट्रोल ते ठरवा, पाना नंतर. करंटचा आचका खटक्याने येतो, कुणी चावी बंद-चालू केल्यासारखा. सायलेन्सरमधून फटाकाही वाजतो. चार सिलिंडरला 4000 आरपीएमवर मिनिटाला 8000 ठिणग्या लागतात. कंडेन्सर गेला असेल किंवा पॉइंटची स्प्रिंग ढिली असेल तर बोंब त्या वेगाला पोचताक्षणी होते. तापली की दगा देणारी कॉइलही असते, मान्य. पण ती पाय उचलल्यावर पंधरा सेकंदांत थंड होत नाही. तुम्ही लिहिलंय "आधी ओढ जाते". ही पेट्रोल कमी पडल्याची खूण.

हिशोब करून बघा. लिटरला 14 किलोमीटर धरले तर ताशी 90 ला तासाला साडेसहा लिटर, म्हणजे मिनिटाला शंभर मिलीच्या वर पेट्रोल जातं. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, मावतं जेमतेम पेलाभर. मागून थोडं कमी येत असेल तर बाउल हळूहळू उतरतो आणि काही मिनिटांत तळाला लागतो. पाय उचलला की परत भरतो. उभ्या गाडीत रेस केली तरी इंजिनावर ओझं नसतं, त्यामुळे पेट्रोल फारसं लागतच नाही. तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, तो चुकीच्या जागी बघतोय.

आता तीन गोष्टी करा, याच क्रमाने. आचके सुरू झाले की चोक थोडा ओढा (त्याने हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं), गाडी सावरली तर पेट्रोलच. मग टाकीचं झाकण सैल ठेवून तोच रस्ता पळवा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंप ओढून ओढून थकतो. तिसरं, पंपाकडून कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून लांब पाइपने बाटलीत सोडा आणि गाडी आयडलला, म्हणजे पाय न देता नुसती चालू ठेवा. बाउलमधल्या पेट्रोलवर ती तेवढा वेळ चालते. अर्ध्या मिनिटात पाव लिटरच्या आसपास यायला हवं. हे मोकळ्या जागेत, इंजिन गार असताना, बाटली इंजिनाच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवून. विडी-सिगारेटवाला मदतनीस नको.

चौथा_गिअर

चोक ओढला आणि गाडी सावरली! झाकण सैल करून काही फरक नाही. बाटलीत अर्ध्या मिनिटात जेमतेम 40 मिली, तेही पिचकारीसारखं नाही, लाळ गळावी तसं. पंप गेला म्हणायचा?

बारातेराचा_पाना

घाई नको. पंपाची टाकीकडची नळी काढा आणि आखूड नवा पाइप लावून थेट पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवा. बाटली भरली तर पंप निर्दोष, चोर मागे आहे.

चौथा_गिअर

कॅनमधून अर्ध्या मिनिटात बाटली पाव लिटरच्या खुणेपर्यंत भरली. म्हणून गाडीखाली शिरलो. टाकीतून निघाल्यावर लोखंडी नळीला जोडणारा वीतभर रबरी होज आहे. वरून अगदी ठणठणीत, एक भेग नाही. काढून टाकीकडच्या टोकातून फुंकलं तर गाल फुगले, हवा जाईना. उलटा धरून फुंकलं तर सुर्रकन गेली!

ब्लेडने उभा चिरला. आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता, जिभेचं मोकळं टोक टाकीकडे. पंपाने ओढलं की पेट्रोल जिभेखाली शिरून ती उचलणार आणि वाट बंद. मी हवा मारत होतो पंपाकडून, त्यामुळे जीभ भिंतीला चिकटायची आणि बुडबुडे वाजायचे. ज्या तपासणीवर मी लाइनला पास केलं, तिनेच मला तीन आठवडे फिरवलं.

नवा होज टाकला. काल पाऊण तास नव्वदला ठेवली, हूं की चूं नाही.

बारातेराचा_पाना

झकास. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर असंच आतून फुगतं आणि सुटतं. त्याच वयाचे बाकीचे होजही काढून टाका, आणि नवे घेताना इथेनॉलला चालणारेच घ्या.

रेस_दे_भाऊ

मग माझ्या गाडीत मोठा जेट टाकून फरक कसा पडला?

बारातेराचा_पाना

प्लग काढून रंग सांगा. काळाकुट्ट निघाला, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तर आपण वेगळं बोलू.

चौथा_गिअर

सगळे होज बदलले. फक्त आयडल अजून जरा डुलतंय, पण ते माझंच पाप. तीनदा खोललं आणि मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचा) स्क्रू किती आटे बाहेर होता ते एकदाही लिहून ठेवलं नाही.