मदत हवी आहे: एलएलबी सीईटी, कायद्याच्या विभागात गाडी अडली आहे

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३९. बी.कॉम. होऊन अठरा वर्षं झाली, तेव्हापासून हिशेबाच्या कामात आहे. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी आपल्या राज्याची सीईटी द्यायची, असं यंदा ठरवून टाकलं. क्लास लावलेला नाही. पहाटे दीड तास आणि रविवारची दुपार, एवढाच वेळ हातात आहे. परीक्षेला साधारण साडेतीन महिने उरलेत.

पेपर १२० प्रश्नांचा, वेळ १२० मिनिटं, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान ३२, कायदा २४ आणि तर्क २४. इथवर मला कळलंय. आतापर्यंत सात सराव पेपर सोडवले. तर्काला १९-२० पडतात (हिशेबातली माणसं, तेवढं तरी यायला हवं). इंग्रजी तिशीच्या आसपास. सामान्य ज्ञान लंगडतंय, पण ते वाचून सुधारेल असं वाटतं. कायद्यात मात्र २४ पैकी ९, ११, ८, १०, ९... सात पेपरांत एकदाही बाराच्या वर गेले नाही. वाचल्यावर सगळं कळलं असं वाटतं, आणि उत्तरं उघडली की फुल्याच फुल्या.

एक नमुना देते, म्हणजे माझं डोकं कुठे फिरतं ते दिसेल.

तत्त्व: अज्ञान व्यक्तीने केलेला करार शून्य असतो.
तथ्ये: 'अ' १७ वर्षांचा आहे. त्याने आपलं घर 'ब'कडे गहाण ठेवून कर्ज घेतलं. गहाणखताच्या आधारे 'ब'ला 'अ'विरुद्ध वसुली करता येईल का?

मी "होय" वर टिचकी मारली. माझा विचार असा, की कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकतोय. घेतलेले पैसे बुडवायचे आणि वर मला ठाऊक नव्हतं म्हणायचं, हे कसं चालेल? उत्तर निघालं "नाही". पुस्तकात स्पष्टीकरणाची एक ओळ होती, तीही तत्त्वाचीच पुनरावृत्ती.

बारावीपर्यंत मराठी माध्यम. प्रश्न मराठीतून वाचू की इंग्रजीतून, हेही सांगा. पुस्तक भाच्याचं आहे, त्याने पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली होती तेव्हाचं.

काळा डगला

ताई, आधी पोटभर हसलो, राग मानू नका. तुमचं कायद्याचं नाही, मराठीचं चुकलंय. कायद्याच्या मराठीत "अज्ञान" म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती, इंग्रजीतला मायनर. सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावाशी "अ.पा.क." लिहिलेलं पाहिलं असेल, ते अज्ञान पालनकर्ता. प्रश्नात १७ वर्षं लिहिलंय ते त्यासाठीच. तुम्ही तो आकडा वाचलात आणि सोडून दिलात.

हा प्रश्न ज्या खटल्यावरून येतो तो मोहरी बिबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३, प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजांच्या काळातलं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) निकाल. धर्मोदास सज्ञान नव्हता, त्याने मालमत्ता गहाण टाकली, आणि सावकाराच्या माणसाला त्याचं वय ठाऊक होतं. करार मुळातच शून्य ठरला, पैसेही परत मिळाले नाहीत. सावकारावर अन्याय झाला असं वाटतं ना? वाटू द्या. पण उत्तर देताना ते वाटणं बाहेर चपलांपाशी ठेवून यायचं.

तुमचं खरं दुखणं तिथेच आहे असा माझा अंदाज. तुम्ही न्याय करताय. परीक्षक तुम्हाला न्यायाधीश करत नाहीये, तो म्हणतोय की मी दिलेली पट्टी घे आणि मोज. पट्टी वाकडी असली तरी तिनेच मोजायचं. पुढचं करून बघा:

तत्त्व: जो जाणूनबुजून, स्वेच्छेने धोका पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही.
तथ्ये एक: क्रिकेटचा सामना बघताना षटकाराचा चेंडू प्रेक्षकाच्या खांद्यावर बसला.
तथ्ये दोन: तोच प्रेक्षक, तोच सामना, पण गॅलरीचा कठडा कुजलेला होता, तो तुटून प्रेक्षक खाली पडला.

पर्याय नंतर. आधी दोन्हींची उत्तरं कागदावर लिहा, एका ओळीच्या कारणासकट.

चष्मेबद्दूर

भाच्याचं पुस्तक कुठल्या सालचं? हे आधी सांगा, बाकी सगळं नंतर.

पाटीपेन्सिल

काळा डगला, अहो, आमच्या काकांच्या सातबाऱ्यावर "अ.पा.क. आई" असं मी डोळ्यांनी पाहिलंय! तेव्हा वाटलं होतं काहीतरी आडनावाची भानगड असेल.

दोन्ही सोडवले. पहिल्यात भरपाई नाही, कारण चेंडू येऊ शकतो हे माहीत असूनच माणूस सामना बघायला बसतो. दुसऱ्यात भरपाई मिळेल... कारण कठडा कुजका ठेवणं ही आयोजकांची चूक. बरोबर?

चष्मेबद्दूर, पुस्तक २०२१ चं.

काळा डगला

उत्तरं दोन्ही बरोबर, दुसऱ्याचं कारण अर्धंच. आयोजकांची चूक हा शब्द तत्त्वात आहे का? नाही. तो तुम्ही घरून आणलात. तत्त्वातला शब्द आहे "त्या धोक्यातून". प्रेक्षकाने चेंडूचा धोका पत्करला होता, कठड्याचा नव्हे, म्हणून तत्त्वच लागू होत नाही. फरक बारीक वाटेल, पण चार पर्यायांतले दोन बहुतेक वेळा असेच असतात. उत्तर एकच, कारणं दोन. तुमचे गुण तिथे गळतायत असं मला वाटतं. पुढच्या पेपरात चुकलेल्या प्रश्नांपुढे लिहून ठेवा, उत्तर चुकलं की कारण चुकलं.

शिवाय एक सवय लावा. तत्त्वातल्या प्रत्येक विशेषणावर आणि क्रियाविशेषणावर बोट ठेवायचं. स्वेच्छेने, वाजवी, कामाच्या ओघात, सद्भावनेने. तथ्यांत त्या शब्दाला धरून काय दिलंय ते शोधायचं. काहीच दिलं नसेल तर तत्त्व तिथेच अडतं.

चष्मेबद्दूर

२०२१! ताई, त्या पुस्तकातला फौजदारी कायद्याचा भाग आजच्या आज फाडून टाका. बरं, फाडू नका, भाच्याचं आहे. पण त्यावर रेघ मारा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. सोबत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. जुन्या संहितेत ५११ कलमं, नव्या न्याय संहितेत ३५८. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३. फसवणुकीचं ४२० आता ३१८. खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९. गंमत म्हणजे नव्या संहितेत ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. सिनेमावाल्यांची पंचाईत. समाजसेवा ही शिक्षाही नव्याने आली आहे, ती हमखास विचारण्याजोगी.

आणि गोंधळू नका, बातम्यांत अजून जुनी कलमं दिसतील. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू आहे.

मधली सुट्टी

मी गेल्या वर्षी हीच परीक्षा देऊन आत आले, म्हणून लिहिते.

काळा डगला यांचं तंत्र शंभर टक्के बरोबर, पण सगळं वजन त्यावर टाकू नका. कायद्याच्या विभागातले बरेच प्रश्न सरळ माहितीचे असतात. संपत्तीचा हक्क मूलभूत आहे का? (१९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो काढला, आता अनुच्छेद ३००-क.) सर्वोच्च न्यायालयात थेट जायचं तर अनुच्छेद ३२, उच्च न्यायालयात २२६. केशवानंद भारती (संविधानाची मूळ चौकट बदलता येत नाही, हा निकाल), १९७३, तेरा न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. अशांसाठी तत्त्वबित्त्व काही नाही, एक वही आणि घोकंपट्टी.

आता भाषेचं. माझंही मराठी माध्यम, म्हणून मीही आधी मराठीतूनच वाचायचे. पण कायद्याचं मराठी म्हणजे आपलं बोलायचं मराठी नव्हे. "अपकृत्य" हा शब्द मी दोन महिने दुष्कृत्य समजून वाचत होते, ते टॉर्ट, म्हणजे ज्याची भरपाई मागता येते असं दिवाणी स्वरूपाचं चुकीचं कृत्य. "प्रतिफल" म्हणजे कन्सिडरेशन, कराराचा मोबदला, कर्माचं फळ नव्हे. "शून्य" आणि "शून्यकरणीय" यांत सगळा करार कायदा सामावलाय. पहिला करार जन्मतःच मेलेला. दुसरा जिवंत, पण ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याने ठरवलं तर मोडता येतो. त्यात पुन्हा पुस्तकागणिक शब्द वेगळे. हेबियस कॉर्पसला (डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, हा आदेश) एका ठिकाणी "बंदी प्रत्यक्षीकरण" होतं, संविधानाच्या मराठी प्रतीत "देहोपस्थिती". दोन वेगवेगळे आदेश असतील म्हणून मी दोन्ही पाठ केले होते.

म्हणून मी प्रश्न इंग्रजीतून वाचायचे, आणि अडलं की मराठीकडे वळायचे. पेपर दोन्ही भाषांत असतो, त्याचा फायदा घ्या. लॅटिन सूत्रांना तर मराठीचा आधार नाहीच. व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया म्हटलं की क्रिकेटचा चेंडू, डॅम्नम सिने इंज्युरिया म्हटलं की ग्लॉस्टरची शाळा. १४१० चा खटला, कुणीतरी शेजारी नवी शाळा काढली, जुन्या मास्तरांचं उत्पन्न घटलं, पण हक्क मोडला नाही म्हणून भरपाईही नाही. नुकसान आहे, कायदेशीर इजा नाही.

आणि इंग्रजीला ४० गुण आहेत हे विसरू नका. तिशीवरून पस्तीसवर जाणं हे कायद्यात नऊवरून चौदावर जाण्यापेक्षा सोपं असू शकतं. रोज एक अग्रलेख वाचा, त्यातले पाच शब्द वाक्यात वापरा, एवढं पुरतं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गुण कापत नाहीत, मग लाज कसली.

अमुक गुणांना अमुक कॉलेज हे गणित आत्ता करू नका. परीक्षा अनेक सत्रांत होते, निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात त्यावर लागतो.

उंटावरचा शहाणा

सगळे अभ्यासाचं बोलतायत, कुणी नोकरीचं विचारलंच नाही. प्रवेश मिळाल्यावर काय? एलएलबी हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. बार कौन्सिलच्या (वकील आणि कायद्याचं शिक्षण यांवर देखरेख करणारी संस्था) २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लिहिली आहे, आणि सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात विद्यार्थ्याने नोकरीत असल्यास ते जाहीर करायचं म्हटलंय. "आमच्याकडे सगळं जमवून देतात" असं सांगणारे भेटतील. पुढे वकिलीची सनद घेताना ते तुमच्या मदतीला येणार नाहीत. वयाचा प्रश्न नाही, वरची मर्यादा नाही. वेळेचा आहे.

पाटीपेन्सिल

उंटावरचे शहाणे, ते घरात बोलून झालंय. प्रवेश मिळाला तर नोकरी सोडून घरून चार-पाच जणांची हिशेबाची कामं घ्यायची. दोघांनी तशी तोंडी हो म्हटलंय. पण तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, परिपत्रकाचं माहीत नव्हतं.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय, थोडा हिशेब देते.

नवं पुस्तक घेतलं. भाच्याचं परत केलं, रेघा न मारता. वहीला दोन रकाने केले, डावीकडे कायद्याचं मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि ज्या शब्दाने मला फसवलं त्याला लाल गोल. लाल गोल आतापर्यंत ३१. सगळ्यात वर "अज्ञान".

गेल्या तीन पेपरांत कायदा १३, १२, १६. चुकलेल्यांपुढे डगलेकाकांनी सांगितल्याप्रमाणे लिहीत गेले. सोळाच्या पेपरात आठ चुकले, त्यातल्या पाचांत होय-नाही बरोबर होतं, कारणाचा पर्याय चुकला होता. म्हणजे तुम्ही केलेलं निदान बरोबर होतं.

कालचा एक मात्र अजून पटत नाही. तत्त्व: नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजी कृत्याला मालक जबाबदार असतो. तथ्ये: ड्रायव्हर मालकाला स्टेशनवर सोडून परत निघाला, वाटेत बहिणीला डबा द्यायला दोन गल्ल्या आत वळला, आणि त्या गल्लीत सायकलवाल्याला धडकला. मी "कामाच्या ओघात" वर बोट ठेवलं, डबा काही मालकाचं काम नाही, म्हणून मालक जबाबदार नाही. पुस्तक म्हणतं जबाबदार. तत्त्व वाचून वाचून पाठ झालं, तरी मला ते गल्लीपर्यंत ताणता येईना.

काळा डगला

पुस्तक डोळे झाकून बरोबर मानू नका, यावर न्यायालयांतही वाद झालेत. पण परीक्षेपुरतं बघा, तथ्यांत "परत निघाला" असं दिलंय. काम संपलेलं नाही, गाडी अजून मालकाकडे पोचायची आहे. थोडीशी वाकडी वाट म्हणजे ओघ तुटला असं धरत नाहीत, पूर्णपणे स्वतःच्या कामाला स्वतंत्र फेरी मारली तर तुटतो. आता हाच ड्रायव्हर गाडी मालकाकडे लावून, रात्री पुन्हा किल्ली घेऊन डबा द्यायला गेला असता तर? उत्तर लिहा, कारणासकट.

पाटीपेन्सिल

मालक जबाबदार नाही. कारण ओघ गाडी लावली तिथे संपला, डब्याची फेरी वेगळी.

(आणि काका, "ओघ"लाही लाल गोल केला. ३२.)