दोन्ही किडन्यांत विल्म्स ट्यूमर, थ्रीडी मॉडेलसाठी पुन्हा सीटी करावा लागंल का?

आर्णीचा मामा
माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. दोन्ही किडन्यांत विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर. केमो चालू आहे, गाठी लहान होऊन राहिल्या. मुंबईचे सर्जन म्हणतात, ऑपरेशनआधी थ्रीडी मॉडेल करून पाहू, किडनी किती वाचते ते कळंल. मागच्या आठवड्यातल्या सीटीची सीडी पाठवा. सीटी इकडंच केला. सेंटरनं फिल्म आणि रिपोर्ट दिला, सीडी नाही. फोन केला तर म्हणे, पुन्हा यावं लागंल. म्हणजे परत सीटी? एवढ्याशा पोरीला परत सुई, परत झोपेचं औषध, परत रेडिएशन? बहीण रडून राहिली. भाऊजी म्हणतात, फिल्मचे मोबाईलवर फोटो काढून पाठवू. चालंल का? आणि या मॉडेलचा खरंच उपयोग असते का?

सीटी टेक्निशियन, वणी
मामा, नवीन सीटी लागत नाही. झालेल्या सीटीतूनच मॉडेल बनतं. ताईला हे आधी सांगा.

मशीन पोटाचे १ मि.मी.च्या आसपास जाडीचे शेकडो काप घेतं. फिल्मवर आम्ही त्यातले निवडक, जाड केलेले काप छापतो. चार जाड चकत्यांवरून आख्खी काकडी उभी करता येत नाही, म्हणून फिल्मच्या फोटोचा इथं उपयोग नाही. सेंटरवर जाऊन म्हणा, "थिन स्लाइसचा डायकॉम डेटा द्या, कॉन्ट्रास्टनंतरच्या सगळ्या सिरीज." डायकॉम म्हणजे मशीनमधल्या कापांच्या मूळ फाइली, कॉन्ट्रास्ट म्हणजे सीटीच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध, सिरीज म्हणजे कापांचा एकेक संच. पेनड्राइव्ह, पावती आणि पोरीचं आधार कार्ड न्या, पोरीला नेऊ नका. डेटा तिथंच उघडून पाहा. सिरीजपुढं जाडी १ किंवा १.२५ (मि.मी.) दिसली तर बरोबर. ५ दिसली तर परत मागा.

आणि उद्याच जा. मशीनची मेमरी भरली की जुन्या पेशंटचे पातळ काप उडवले जातात, जाड काप तेवढे राहतात. मग मात्र खरंच पुन्हा सीटी करायची पाळी येऊ शकते.

उपयोगाचं विचारलंत. एकाच बाजूला गाठ असली की बहुतेक वेळा ती किडनी पूर्ण काढतात, दुसरीवर मूल नीट जगतं. दोन्हीकडं गाठ शंभरातल्या पाच-सात मुलांनाच असते. तिथं दोन्ही किडन्या काढल्या तर डायलिसिस, म्हणून गाठ तेवढी काढून चांगला भाग ठेवायचा असतो. मॉडेल करणारा माणूस एकेका कापावर गाठ, चांगली किडनी, धमनी, शीर, लघवीची नळी वेगवेगळ्या रंगांत आखतो. मग सर्जनला चाकू लावायच्या आधीच दिसतं की गाठ रक्तवाहिनीच्या कोणत्या फांदीला चिकटली आहे, कुठून शिरायचं, रक्त कुठं थांबवायचं. मला विचाराल तर अशा पोरीसाठी हे केलंच पाहिजे.

पण मॉडेल सगळं दाखवत नाही. गाठीशेजारी किडनीतल्या कच्च्या पेशींचे पुंजके असू शकतात. ते आणि गाठ यांतला फरक चित्रात नेहमी कळत नाही, तो पॅथॉलॉजीतच, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतो. शिवाय ऑपरेशनच्या टेबलावर किडनी आजूबाजूपासून मोकळी केली की तिची जागा बदलते.

पुसदची आई
मामा, माझ्या मुलालाही हीच गाठ होती, एका बाजूला. बाळीचं पोट कोणाला दाबू देऊ नका. येणारा-जाणारा हात लावून पाहतो. गाठ फुटली तर आजार पोटात पसरतो, म्हणून डॉक्टरसुद्धा हलक्या हातानं तपासतात. आंघोळ घालतानाही जपा. मुंबईत राहायचं असेल तर दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. गाडगेबाबा आपल्याच अमरावतीकडचे. कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक तिथं राहतात. दवाखान्याचे कागद सोबत ठेवा.

आर्णीचा मामा
ताई, पोटाचं घरी सगळ्यांना सांगतो. दादा, उद्या पहिल्या एसटीनं निघतो. एक विचारायचं होतं. एक जण म्हणाला, प्लास्टिकचं मॉडेल छापून घ्या, पैसे लागतील पण चांगलं असते. घ्यावं का?

सीटी टेक्निशियन, वणी
सर्जननं मागितलं तरच. पुष्कळदा स्क्रीनवर फिरवून पाहिलेलं मॉडेल पुरतं. ते पैसे जाण्या-येण्याला ठेवा. एक मात्र सर्जनला विचारा: ऑपरेशनच्या आधी केमोचे अजून डोस असतील तर गाठीचा आकार बदलेल, मग हा सीटी जुना होईल. तेव्हा ताजी तपासणी लागलीच तर एमआरआयवर भागेल का, हे विचारा. त्यात रेडिएशन नसतं, मॉडेल त्यावरूनही करता येतं. सेंटरवाल्यांनी डेटा द्यायला खळखळ केली तर तिथल्या टेक्निशियनशीच बोला, किंवा इथं लिहा, नेमकं काय मागायचं ते मी सांगतो.