'इन' म्हणजे 'नाही' एवढंच? मग इन्फ्लेमेबल पेटतं कसं?

शब्दवेडा: 'लॅटिन उपसर्ग एका मिनिटात' ही पोस्ट दोन दिवस फिरतेय. त्यात 'इन म्हणजे नाही' असं ठोकून दिलंय, इनव्हिजिबल, इनकरेक्ट वगैरे यादी, आणि त्याच यादीत इन्फ्लेमेबल = न पेटणारं! अहो लॅटिनमध्ये दोन वेगळे 'इन' आहेत, एक नकाराचा, दुसरा 'आत, मध्ये' वाला. इन्फ्लामारे म्हणजे पेटवणं, फ्लामा म्हणजे ज्वाळा. इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं!

साधासरळ: पोस्ट मीच टाकली. नवशिक्यांसाठी आहे, एखादा अपवाद राहिला म्हणून एवढं चिडायचं?

शब्दवेडा: अपवाद? इन्जेक्ट, इन्क्लूड, इन्स्पेक्ट, इन्हेल, इम्पोर्ट. यातल्या कशात 'नाही' आहे ते सांगा.

ठिणगी: मी सोळा वर्षं सॉल्व्हंटजवळ काम केलंय. आमच्याकडे नव्या पोराने इन्फ्लेमेबल लिहिलेल्या ड्रमशेजारी ग्राइंडर चालू केला, ठिणग्या उडतायत, मी धावत जाऊन प्लग खेचला, तर तो म्हणतो 'इन लिहिलंय की'. अजून आठवलं की हात कापतात. याच भीतीने आगीच्या सुरक्षेवाल्यांनी 'इन' काढून नुसतं फ्लेमेबल लिहायला लावलं, रसायनांच्या लेबलांची जीएचएस पद्धतही तेच वापरते. न पेटणारं ते नॉनफ्लेमेबल.

साधासरळ: बरं, तो शब्द चुकला. पण इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर यांत 'इन' आहे हे लोकांना कसं कळणार? म्हणून सोपं करावं लागतं.

शब्दवेडा: संत आणि संप मोठ्याने म्हणा. अनुस्वार एकच, पण पहिल्यात न् आणि दुसऱ्यात म् येतो, कारण पुढे प आहे. इम्पॉसिबलमध्ये तेच झालंय. मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मूळशोधक: मुळात हा आपलाच 'अन्' आहे. अनंत, अनादि. लॅटिनने संस्कृतातून उचलला आणि आपण त्यांचं कौतुक करतोय.

शब्दवेडा: उचललेला नाही, दोघींना एकाच जुन्या भाषेकडून मिळालाय. इंग्रजीचा 'अन' आणि ग्रीकचा 'अ' पण त्याच घरातले. शंभराला संस्कृतात शतम्, लॅटिनमध्ये केंटुम. क चा श होताना भाषांत वारंवार दिसतो, श चा क होणं फार अवघड. म्हणजे इथे जुना उच्चार लॅटिनने जपलाय. मग लॅटिन ही संस्कृतची मुलगी कशी?

मूळशोधक: प्रत्येक ठिकाणी आपल्याला धाकटं ठरवायची हौस आहे तुम्हाला!

शब्दवेडा: धाकटं कोण म्हणालं? बहीण म्हणतोय! बाकी कितीतरी बाबतींत संस्कृतने जास्त जपलंय.

मूळशोधक: बहीण तर बहीण. पण थोरली.

पानगळ: तुमचं चालू द्या, मला 'इन'बद्दल सांगायचंय. निरोपाच्या कार्डावर माझ्या सीनियरने माझी मदत 'इनव्हॅल्युएबल' लिहिली होती, मी 'किंमत नसलेली' असं वाचलं आणि त्यांच्याशी न बोलता निघून आले. नंतर कळलं की ते आपलं 'अमूल्य' आहे, किंमत करताच येत नाही असं. तिथे इन नकाराचाच, तरी अर्थ उलटा लागला. त्यामुळे एका मिनिटात शिकवणाऱ्यांचा मला राग येतो.

साधासरळ: इन्फ्लेमेबल काढतो यादीतून. आणि दुसऱ्या 'इन'ची एक ओळ टाकतो, एकच. बाकी पोस्ट आहे तशीच राहील.

ठिणगी: ती ओळ सगळ्यात वर टाका.